‘सेट ऑफ’ : एका शब्दाचा जमाखर्च

व्याख्यानाचा विषय म्हणून आम्ही एक इंग्रजी क्रियापद निवडले आहे हे कळल्यावर चालकांनी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. कामगारांच्या माणसाने महागाईवर बोलावे, संपावर बोलावे. इंग्रजी शब्दांच्या भानगडीत त्याने का पडावे? आणि तेही सांगवीसारख्या नीरेकाठच्या, उसाच्या गावात! चालकांना आम्ही एवढेच म्हटले की, ज्या शब्दाने आमच्या माणसांचे पैसे कापले जातात, तो शब्द इंग्रजी असला तरी विषय आमचाच आहे. तो शब्द म्हणजे ‘सेट ऑफ’.

या शब्दाशी आमची पहिली गाठ पडली ती फजितीची. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते रद्दीत घेतलेल्या एका शब्दकोशातून आणि औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यांतून. तीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात – नाव सांगण्याचे कारण नाही – दिवाळीपूर्वी बोनसच्या बोलण्यासाठी आम्ही गेलो. साहेबांनी एक तक्ता पुढे सरकवला. त्यात एका रकान्यावर ‘सेट ऑफ’ असे लिहिलेले आणि खाली भली मोठी रक्कम. विचारण्याची लाज वाटली. बाहेर येऊन शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ : निघणे, प्रस्थान ठेवणे. आम्ही हर्षभरित झालो. दारावर शे-दीडशे माणसे वाट पाहत उभी होती. त्यांना आम्ही दणक्यात सांगितले, ‘बोनस निघाला!’

रकमेसह निघाला, असे आम्हास वाटले होते. वस्तुस्थिती अशी की, ती रक्कम आदल्या वर्षीच्या तुटीपोटी आमच्या वाट्यातून वजा होणार होती. दिवाळीला हाती पडले ते कायद्याने देणे भागच असलेले किमान. लोक चिडले आणि त्यांचे चिडणे योग्यच होते. त्या रात्री एका जुन्या हेडकारकुनाने आम्हास शब्दकोशातले ते पान पुन्हा काढायला लावले. आमचा अर्थ तिसरा होता, आम्ही पहिल्यावरच थांबलो होतो. ‘वाचायचे तर तळापर्यंत वाचावे,’ एवढेच तो म्हणाला. तेव्हापासून या शब्दाचा पाठलाग आम्ही सोडलेला नाही.

इंग्रजी भाषेची ही एक गंमत आहे. मूळ क्रियापद साधेसुधे असते. त्याच्या शेपटीला एखादे चिमुकले अव्यय लावले की अर्थ पार फिरतो. आपल्याकडेही असे होते. ‘घेणे’ हे क्रियापद एकच. पण अंगावर घेणे वेगळे, मनावर घेणे वेगळे आणि फैलावर घेणे तर फारच वेगळे. ‘सेट’ म्हणजे ठेवणे, मांडणे. त्याला ‘ऑफ’ जोडले की तीन अर्थ होतात : प्रवासाला निघणे, सुरुंग उडवून देणे, आणि एका रकमेसमोर दुसरी मांडून तेवढा भार उतरवणे. तिसऱ्या अर्थास आपल्याकडे नेमका आणि रोजच्या वापरातला शब्द आहे. विकास सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातून वजा होते तेव्हा आपण काय म्हणतो? ‘वळते करून घेतले.’ सेट ऑफ म्हणजे वळते करणे.

याच कुळातले ‘बॅलन्स आउट’ हेही एक क्रियापद इंग्रजीत आहे. एका वर्षी पाऊस कमी, एका वर्षी जास्त. चार वर्षांत सरासरी जमते, अशा ठिकाणी ते वापरतात. त्यात बहुधा कर्ता लागत नाही. समतोल आपोआप होतो, असा त्याचा सूर असतो. ‘सेट ऑफ’चे तसे नाही. रक्कम स्वतः उठून दुसऱ्या रकमेसमोर जाऊन बसत नाही. कोणीतरी ती मांडतो. मराठीतही ‘वळते झाले’ आणि ‘वळते केले’ यांत हाच भेद आहे. पावतीवर नेहमी ‘झाले’ असते. कोणी केले, किती केले आणि कोणत्या आधारावर केले, हे विचारल्यावाचून कळत नाही. आजचे आमचे सगळे म्हणणे एवढ्या एका भेदावर उभे आहे.

या शब्दाचा जन्म मात्र सावकाराच्या सोयीसाठी झालेला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात कर्ज न फेडणाऱ्यास तुरुंगात टाकीत. समजा, एका विणकराने व्यापाऱ्याचे दहा पौंड देणे आहे आणि त्याच व्यापाऱ्याकडून त्याला आठ पौंड येणे आहे. खरे देणे दोनच पौंडांचे. परंतु कायदा दोन्ही व्यवहार वेगळे मानी. व्यापारी दहा पौंडांसाठी विणकरास कोठडीत धाडू शके आणि विणकराने आपल्या आठ पौंडांसाठी कोठडीतून निराळा दावा लावावा! १७२९ साली कर्जदार कैद्यांच्या सुटकेसाठी तिथे एक कायदा झाला. त्यात एक कलम आले की, परस्परांची देणी असतील तर एक दुसऱ्यासमोर मांडावे. १७३५ साली ते कलम कायमचे झाले. म्हणजे ‘सेट ऑफ’ ही मुळात गरीब ऋणकोच्या हाती दिलेली ढाल होती. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही ती आहे. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेच्या मुदतीतून वळते करण्याची तरतूद केली. एका धरण्यानंतर आम्हीही काही दिवस कच्च्या कैदेत काढले होते. निवाडा झाला आणि ते दिवस शिक्षेत धरले गेले, तेव्हा हा शब्द आयुष्यात प्रथमच आम्हास गोड लागला.

आता इंग्लंडातून आपल्याच तालुक्यात येऊ, कारण ही ढाल नसली की काय होते ते इथे घडून गेले आहे. सुपे आपल्याच बारामती तालुक्यात आहे. तिकडचा मुलूख जिराईत. नीरेचा डावा कालवा त्याला भिजवीत नाही, आणि १८७५ साली तर हा कालवाच नव्हता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेव्हा आपल्या कापसाला भाव आला. सावकार मागेल त्याला पैसा देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच नव्या पाहणीने सारा वाढला. शेतकरी कर्जात होताच. तो आता रुतला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे चालेल असे ठरले होते. हेतू असा की व्याजाचा डोंगर चढू नये. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई. राहिलेले मुद्दल आणि चढलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याने मध्यंतरी घातलेले धान्य पडत्या भावाने जमा होई किंवा जमाच होत नसे. पावती मिळत नसे. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा उठवायचा.

श्रोतेहो, इथे देणे-घेणे दोन्ही बाजूंनी होते. शेतकरी देत होता, धान्य देत होता, राबत होता. परंतु त्याचे देणे त्याच्या नावे मांडणारा हात एकाच बाजूचा होता. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेले. त्यांनी मागितले काय? रोखे आणि वह्या. आणि त्या हाती येताच जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगा म्हणून त्याची नोंद झाली. दख्खनचे दंगे या नावानेच इतिहासात ते ओळखले जातात. आम्ही जाळपोळीचे समर्थन करीत नाही. पण लोकांनी धान्याच्या कोठारांपेक्षा कागदांवर अधिक राग काढला, हे ध्यानात घ्यावे. आपल्याला कशाने बांधले आहे, ते त्या निरक्षर माणसांना अचूक कळले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्यातली मोलाची गोष्ट अशी की, न्यायालयाने केवळ रोख्यावरचा आकडा पाहायचा नाही. व्यवहार मुळापासून तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे मांडायचे, शेतकऱ्याने जे दिले ते त्याच्या नावे जमा धरायचे. शिवाय शेतकऱ्यास पावती मिळण्याचा आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. या कायद्याने सावकारी संपली असे कोणी म्हणणार नाही. पण वही ही एकट्या धनकोची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व आपल्या भागात प्रथम कायद्यात लिहिले गेले. योगायोग असा की, त्याच १८७५ च्या मे महिन्यात पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एकीकडे लोक वह्या जाळीत होते आणि दुसरीकडे लोकांनी ऐकावे, विचारावे म्हणून एक व्यासपीठ उभे राहत होते. आज आम्ही उभे आहोत ते त्याच रीतीच्या व्यासपीठावर.

शेतकऱ्यांची ही कथा, आता कामगारांची. नीरेकाठचा ऊस साखर कारखान्यात गेला आणि शेतकऱ्याचाच एक मुलगा कारखान्यात कामगार झाला. त्याला बोनस मिळतो तो कायद्याने. परंतु तो कायदा घडला मुंबईच्या गिरण्यांत, म्हणून तिकडे जाणे भाग आहे.

पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, तेव्हा १९१७ साली गिरणीमालकांनी पगारावर दहा टक्के युद्धभत्ता दिला. १९१९ साली तो पस्तीस टक्के झाला. त्याला म्हणत बोनसच. पुढे नफ्यातून वर्षाला एक महिन्याचा पगार देण्याची चाल पडली. १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या आरंभी दीड लाखावर कामगार संपावर गेले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा निष्कर्ष असा की, बोनसवर कामगाराचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कसलाही हक्क पोचत नाही. थोडक्यात, बोनस म्हणजे बक्षीस, मालकाची मर्जी.

बक्षिसाचा हक्क व्हायला पुढे चाळीस वर्षे गेली. १९५० साली श्रमिक अपील न्यायाधिकरणाने गिरण्यांच्याच वादात एक सूत्र घालून दिले. नफ्यातून आधी घसारा, यंत्रांचे पुनर्वसन, प्राप्तिकर आणि भांडवलावर सहा टक्के परतावा वजा करायचा. मग जी शिल्लक उरेल तिच्यात कामगाराचा वाटा. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र उचलून धरले. तो निवाडा साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. १९६१ साली मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला. कामगारांच्या बाजूचे कॉम्रेड डांगे हे त्याचे एक सदस्य होते. त्या आयोगाच्या शिफारशींतून १९६५ चा बोनस कायदा आला. आणि याच कायद्याच्या पंधराव्या कलमात आमचा जुना ओळखीचा शब्द आपल्या जुळ्या भावासह येऊन बसला : ‘सेट ऑन’ आणि ‘सेट ऑफ’. २०१९ च्या वेतन संहितेने तो कायदा आपल्या पोटात घेतला. पण ही जोडी तिथेही तशीच आहे.

तिचे काम कसे चालते ते साध्या आकड्यांत सांगतो. एका कारखान्याचा वर्षाचा पगारखर्च बारा लाख रुपये आहे असे धरा. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार : एक लाख. कमाल वीस टक्के : दोन लाख चाळीस हजार. पहिल्या वर्षी वाटपाची शिल्लक निघाली तीन लाख. कमाल दोन लाख चाळीस हजार वाटले. वरचे साठ हजार पुढे नेले. हे ‘सेट ऑन’, म्हणजे पुढच्या वर्षाच्या जमेवर चढवणे. दुसऱ्या वर्षी शिल्लक दीड लाख. त्यात मागचे साठ हजार मिळवून दोन लाख दहा हजार वाटले. तिसऱ्या वर्षी शिल्लक शून्य. तरीही किमान एक लाख द्यावेच लागले. ती एक लाखाची तूट पुढे गेली. चौथ्या वर्षी शिल्लक दोन लाख वीस हजार. त्यातून ती तूट वळती केली, उरलेले एक लाख वीस हजार वाटले. हे ‘सेट ऑफ’. आता बेरीज करा. चार वर्षांची शिल्लक सहा लाख सत्तर हजार आणि वाटप सहा लाख सत्तर हजार. ताळा पक्का!

रचना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो. सुगीत साठवावे, दुष्काळात काढावे, ही आपली पेवाचीच रीत. परंतु काट्याची दोन्ही पारडी अगदी सारखी नाहीत. किमान बोनसपोटी आलेली तूट सगळीच्या सगळी पुढे जाते. जादा शिल्लक मात्र पगारखर्चाच्या वीस टक्क्यांपर्यंतच पुढे जाते, त्यावरची कामगारांच्या हिशेबातून निसटते. शिवाय हे पुढे नेणे चौथ्या वर्षापर्यंतच. आणि किमानाची रेषाही काही दगडावर कोरलेली नव्हती. १९६५ साली ती चार टक्के होती, सत्तरीच्या आरंभी ८.३३ झाली, आणीबाणीत १९७५ साली ती खाली ओढली गेली आणि १९७७ साली पुन्हा वर आली.

आता आमच्या फजितीचा उत्तरार्ध सांगतो. हेडकारकुनाने तिसरा अर्थ दाखवला, त्याबरोबरच आणखी एक गोष्ट सांगितली. कायद्याखालच्या १९७५ च्या नियमांत तीन नोंदवह्या ठेवायला सांगितल्या होत्या. त्यांतल्या दुसरीत, ‘नमुना ब’मध्ये, दर वर्षी किती पुढे नेले आणि किती वळते केले हे लिहायचे. आम्ही चार वर्षांचा नमुना ब मागितला. महिनाभर टोलवाटोलवी झाली. अखेर समेट अधिकाऱ्यापुढे वही आली. तीन वर्षांपूर्वी कारखान्याला भरपूर नफा झाला होता. वीस टक्के वाटूनही रक्कम उरली होती. ती पुढच्या पानावर आलीच नव्हती! तुटीचे वर्ष आले तेव्हा तूट मात्र पुरी लिहिली गेली होती. चूक होती की चलाखी, हा वाद इथे नको. ती रक्कम जागी बसवल्यावर तूट निम्म्याहून कमी झाली आणि फरक कामगारांना मिळाला. पण ज्या वर्षी तो नफा झाला त्या वर्षी राबलेले चौघे जण मधल्या काळात निवृत्त झाले होते. बोनस ज्या वर्षाचा त्या वर्षीच्या कामगारांचा. त्या चौघांना काही मिळाले नाही. चार वर्षांत हिशेब जमतो, तो कारखान्याचा. माणसाचा जमतोच असे नाही.

ही नोंदवही ज्यांच्यासाठी ठेवली जाते त्यांच्याविषयी आतापर्यंत बोललो. आता जे कोणत्याच वहीत नाहीत त्यांच्याविषयी बोलून संपवतो. पट्टा पडला आहे. बीडकडच्या, नगरकडच्या टोळ्या गावाकडे परतल्या आहेत. आपल्या शिवारात तोड करून गेलेले प्रत्येक जोडपे म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’. नवराबायको मिळून एक हत्यार! पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर टनावर तोडायचे आणि मजुरी उचलीत वळती करायची. म्हणजे इथेही सेट ऑफच. फक्त नमुना ब नाही. किती टन तोडला, ते वजन काट्यावर होते; चिठ्ठी मजुराच्या हाती क्वचितच राहते. खाडा किती धरला, आजारपणाचे दिवस किती कापले, हे मुकादमाच्या वहीत. हंगाम संपताना ‘एवढी बाकी राहिली’ असे सांगितले की ती पुढच्या हंगामावर चढते आणि ते जोडपे पुढच्या वर्षासाठी आजच बांधले जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. पण न दिसणाऱ्या वहीतली बाकी माणसाला कशी बांधून ठेवते, हे सुप्याच्या लोकांना त्याच्याही शंभर वर्षे आधी कळले होते.

इथे समोर बसलेले बहुतेक जण सभासद शेतकरी आहेत. काही कारखान्यात कामाला आहेत, आणि पुष्कळांच्या घरात दोन्ही आहे. म्हणून आम्ही हे कोणा एकाला दोषी धरून बोलत नाही. तुमच्या उसाच्या बिलातून सोसायटीची रक्कम वळती होते, तेव्हा तुम्ही पावती मागता, व्याजाची तारीख बघता, चुकले तर चेअरमनच्या दारात जाता. ते तुम्हाला करता येते, कारण तुमच्या आज्या-पणज्यांनी त्यासाठी सोसलेले आहे. तोच कागद तोडणाऱ्या जोडप्याच्या हाती का असू नये? पुढच्या हंगामात आपल्या फडात टोळी उतरेल, तेव्हा एका साध्या पुस्तिकेत उचल, रोजचे टन आणि वळती केलेली रक्कम लिहून ती पुस्तिका त्यांच्याजवळ ठेवायची, एवढे सांगवीने ठरवावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि उसाचा भावही कमी होत नाही.

त्या जोडप्याला वाचता येत नसेल, अशी शंका कोणी काढील. टोळीतले एखादे शाळकरी पोर वाचून दाखवील. एखादा शब्द त्याला अडलाच, तर त्याने पहिल्या अर्थावर थांबू नये, एवढे मात्र आमच्या वतीने त्याला सांगा.